रिकामी तारीख

माजी आमदार गेला की विधानसभेत त्याचा जीवनपरिचय वाचतात. तो लिहिण्याचं काम मंजूषाताईंचं. ऐंशी ओलांडलेल्यांचे कागद त्या आधीच करून ठेवत, निधनाची तारीख तेवढी रिकामी सोडून. ऐनवेळी धावपळ नको, ही कचेरीची जुनी रीत.

ही रीत ठाऊक असलेले वामनराव पाठे एका दुपारी काठी टेकत आले आणि आपलाच कागद मागून बसले. ताईंनी काढून दिला. त्र्याण्णवला विजयी, अठ्ठ्याण्णवला पराभूत, अठराला पुन्हा विजयी. वीस साली राजीनामा देऊन पक्षांतर, पोटनिवडणुकीत पराभूत.

"हे शेवटचं वाक्य काढून टाका," वामनराव म्हणाले. "चार महिन्यांचा तर खेळ. त्यात कुणाचं काय वाकडं झालं?"

त्या पोटनिवडणुकीत, भर कोरोनात, शाळेच्या मास्तरांना बूथवर ड्यूटी लागली होती. ताईंचा नवरा विक्रांत त्यातलाच एक. पिपलानीच्या घरी तो खोकतच परतला, आणि बाराव्या दिवशी हॉस्पिटलातून परस्पर स्मशानात गेला. त्याच्यासाठी कुठलंही सभागृह उभं राहिलं नाही.

"त्या वाक्यात माझा नवरा गेलाय, साहेब. ते राहील."

वामनरावांच्या हातून कागद घेऊन त्यांनी रिकाम्या जागेवर बोट ठेवलं.

"आता यात भरायची ती एवढी तारीख."