बाळंतिणीची बाज

मी बाज बोलतेय. सोफा नाही, दिवाण नाही. बाभळीच्या चार पायांची, सुतळीनं विणलेली साधी बाज. वसमतच्या आमच्या गल्लीतली निम्मी माणसं तान्ही असताना माझ्यावर निजली आहेत. आता ती मोटारसायकली उडवत जातात, ओळखसुद्धा दाखवत नाहीत.

माझी मालकीण द्वारकाबाई. तिच्या पहिल्या बाळंतपणाला मी आले आणि मग साऱ्या गल्लीचीच झाले. तेव्हा घराघरात चार-पाच लेकरं. एकीचा शेक संपायच्या आत दुसरीकडून बोलावणं यायचं. काय तो माझा तोरा होता!

पुढं लोक एक-दोन लेकरांवर थांबू लागले. शिकलेली पोरं पुण्याला, हैदराबादला गेली. द्वारकाबाईचे दोघे मुलगेही पुण्यातच. काही घरांत एकेक म्हातारं माणूस राहिलं, काही घरांच्या भाड्याच्या खोल्या झाल्या. मी गच्चीवर कुरडया वाळवत पडले. राग यायचा, खरं सांगते.

समोरच्या खोलीत तांड्यावरून शंकरसिंग आणि मिराबाई राहायला आले, धाकट्या पोराच्या शाळेसाठी. यंदा त्यांची लेक पुजा बाळंतपणाला आली. तिला मुलगी झाली. दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या दिवशी शंकरसिंग द्वारकाबाईला विचारून मला घेऊन गेला. पण मला खोलीत टाकलं आणि गॅसपर्यंत जायला वाटच उरली नाही. ओल्या बाळंतिणीला फरशीवर कसं निजवायचं, म्हणून मिराबाई रडकुंडीला आली.

मागोमाग आलेली द्वारकाबाई म्हणाली, "शंकरसिंग, बाज परत माझ्या घरी आन. पोरीलाबी तिकडंच आन."

"तुमाला तकलीफ व्हईल, मावशी," मिराबाई म्हणाली.

"कशाची तकलीफ? एवढ्या घरात मी एकली."

मग त्या घरात ओव्याची धुरी झाली, दोरीवर दुपटी झुलू लागली. लेकरू रडलं की पुजाच्या आधी द्वारकाबाई उठायची. पुण्याहून फोन आला की म्हणायची, "मंग बोलते, लेकराला न्हाऊ घालून राहिले."

सव्वा महिना सरला. ऐन चैत्रात मिराबाई लेकीला आणि नातीला न्यायला आली. द्वारकाबाईनं लेकराला दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलं.

"आत्ताच काहून नेता? थंडी हाय अजून."

मिराबाईनं गरगर फिरणाऱ्या पंख्याकडं पाहिलं, मग द्वारकाबाईकडं. पदरानं घाम पुसत ती माझ्या कडेला टेकली.

"व्हय मावशी, बराबर हाय. लई थंडी हाय."

तुमच्याकडं पाळणा हलणार असेल तर मला जरूर निरोप धाडा. फक्त जरा थांबावं लागेल; आमच्याकडची थंडी अजून गेलेली नाही.