सहा खाटा, सहा ब्रश आणि एक दात

दात दिसला तो मंगळवारी सकाळी दहाला, आणि दिसला तोही मलाच. दुसऱ्या कुणाच्या पाळीत दिसला असता तर माझ्या डोक्याला एवढा ताप झाला नसता.

मी सिस्टर कटोंगो. न्डोला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या आयसीयूत मी सव्वीस वर्षं काढली आहेत. आमच्याकडे सहा खाटा. श्वासाच्या मशीनवरच्या मुलाचं तोंड दर चार तासांनी साफ करायचं, हे नव्या नर्सला मी पहिल्या दिवशी शिकवते आणि दुसऱ्या दिवशी तिनं केलं का ते बघते. घशात नळी असते, मूल गिळत नाही, थुंकी साचते, त्यात जंतू पोसतात आणि नळीच्या कडेनं गुपचूप फुप्फुसात उतरतात. मशीननं वाचवलेलं लेकरू घाणेरड्या तोंडापायी जातं. हे मी दोनदा पाहिलंय. तिसऱ्यांदा पाहायचं नाही, म्हणून माझा आवाज कायम चढलेला असतो. लोक म्हणतात, कटोंगो चिडकी आहे. आहे मी चिडकी.

तर म्वेन्या. नऊ महिन्यांची पोर, चार नंबरची खाट, गोवरानंतरचा न्यूमोनिया, मशीनवर आठवा दिवस. मी बोटाला गॉज गुंडाळून तिच्या हिरड्या पुसत होते, तेवढ्यात काहीतरी खरखरीत लागलं. टॉर्च धरली. वरच्या हिरडीत, अगदी मधोमध, मक्याच्या कणीएवढा दात. खाली बघितलं. खाली काहीच नाही.

तिची आई काबासो शेजारीच उभी होती, गाऊन घालून, हात कोपरापर्यंत धुऊन. तिनंही पाहिलं. आणि मटकन खाली बसली.

"उठ आधी! जमीन घाण आहे," मी ओरडले.

"सिस्टर, वरचा आहे हो."

"दिसतंय मला."

"चिंकुला झाली माझी पोर."

आता वरचा दात आधी आला की ते मूल चिंकुला. त्याचा एकेक दुधाचा दात पडतो तसं घरातलं एकेक माणूस जातं, असं म्हातारी माणसं सांगतात. मी नर्स आहे, मी असल्या गोष्टी मानत नाही. पण माझ्या आईनं माझ्या धाकट्या भावाचे दात बघताना श्वास कसा धरून ठेवला होता, तेही मी विसरलेले नाही.

"सासूबाईंना कळलं तर त्या हिला घरात घेणार नाहीत," काबासो रडत म्हणाली. "नवरा त्यांच्या शब्दाबाहेर नाही. सिस्टर, पोर वाचली तरी मी तिला घेऊन जाऊ कुठं?" बिचारी माझ्यापुढे दाताच्या कण्या करत होती.

"अगं, नको सांगू मग. तोंडाला कुलूप लाव."

"पण ब्रश?"

अरे देवा. ब्रश मी विसरलेच होते.

आमच्या इन्फेक्शन कंट्रोलचे साहेब म्हणजे मिस्टर सिम्फुक्वे. प्रामाणिक माणूस, पण डोक्यात एक नियम शिरला की तो दुसऱ्या कानानं बाहेर पडत नाही. त्यांचा नियम असा, की दात असलेल्या मुलाच्या खाटेला लाल पेला टांगायचा, त्यात छोटा मऊ ब्रश. दात नसलेल्याच्या खाटेला पांढरी वाटी, त्यात गॉज. लांबून कळलं पाहिजे! आणि पडदे? पडद्यांत जंतू बसतात म्हणून पडदे त्यांनी मागच्याच वर्षी काढून नेले. उरली फक्त काच, आणि काचेपलीकडे बाकावर सकाळी दहा ते दुपारी चार बसलेली म्वेन्याची आजी, म्हणजे काबासोची सासू.

ती आजी म्हणजे काय सांगू! डोक्याला हिरव्या चितेंग्याचं फडकं बांधलेलं, मांडीवर भुईमुगाच्या शेंगा, आणि नजर अशी की सलाइनचे थेंबही मोजत असणार. चार नंबरला लाल पेला लागला की तिला दुसऱ्या मिनिटाला कळणार होतं. ब्रश न लावावा, तर दाताच्या कडेला घाण धरणार, आणि ते मी होऊ देणार नव्हते. माझ्या वॉर्डात दात म्हटला की ब्रश.

दहा मिनिटं विचार केला. मग सगळ्या सहाही खाटांना लाल पेले टांगले.

दोन नंबरला धनुर्वाताचं अकरा दिवसांचं बाळ होतं. त्यालाही ब्रश. तोंडं मात्र ज्याची त्याला साजेल तशीच साफ व्हायची. हिरड्यांना गॉज, दातांना ब्रश. म्वेन्याच्या वेळी मी काचेकडे पाठ करून उभी राहायची. माझी पाठ चांगली रुंद आहे, ती पहिल्यांदाच सरकारी कामाला आली.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर आले तर आजीनं हाक मारली.

"काय गं पोरी, त्या अकरा दिवसांच्या पोराला ब्रश कशाला?"

"नवा नियम आहे, आजी."

"माझे तीन दात उरलेत. मला नाही कुणी दिला."

"तुम्ही मशीनवर नाही, म्हणून."

"बरं," ती म्हणाली, आणि एक शेंग सोलून माझ्या हातावर ठेवली. हात धुतलेला होता. पुन्हा धुवावा लागला.

गुरुवारी सिम्फुक्वे तपासणीला आले. खाटा मोजल्या, पेले मोजले, कागदावर बघितलं. मला वाटलं, आता आपली धडगत नाही. पण त्यांचे डोळे पाणावले!

"सिस्टर, सहापैकी सहा. शंभर टक्के. अकरा वर्षांच्या नोकरीत मी शंभर टक्के पाहिले नव्हते."

"साहेब, पण त्या बाळाला दातच..."

"दात येतील तेव्हा येतील. तयारी आधी हवी. हीच तर दूरदृष्टी!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या दवाखान्यात पत्रक फिरलं. बाळंतिणींच्या वॉर्डात चाळीस ब्रश पोचले. शुक्रवारी तिथली मेट्रन तणतणत माझ्याकडे आली. तिच्याकडे एक दिवसाची बाळं, आणि त्यांच्या आया विचारत होत्या, की पेस्ट कुठली वापरायची? "कटोंगो, हे खूळ तुझं ना?" ती म्हणाली. मी हात धूत होते. मी आणखी वेळ हात धुतले.

एवढ्या गोंधळात एक गोष्ट मात्र सरळ चालली होती. म्वेन्याचं तोंड स्वच्छ राहिलं. ताप उतरला, मशीन दिवसेंदिवस कमी करत नेलं. सोमवारी सकाळी डॉक्टर म्हणाले, आज नळी काढू.

नळी निघाली. क्षणभर काहीच नाही. काबासोनं माझा दंड इतका आवळला की वळ उठले. मग म्वेन्यानं छाती भरून घेतली आणि रडली. घसा बसलेला, आवाज फाटका, पण रडली! तेरा दिवस आम्ही ज्या आवाजाची वाट बघत होतो तो हाच. आणि रडताना पोरीनं तोंड उघडलं ते असं, की आतला दात पार दारापर्यंत दिसावा.

आणि त्याच वेळी दारातून आजी आत आली. नळी निघाली की आईखेरीज आणखी एका नातेवाइकाला आत घेतात, तोही सिम्फुक्वेंचाच नियम. ते तिला स्वतः घेऊन येत होते. कोपरापर्यंत धुतलेले हात तिनं वर धरले होते, आमच्यासारखेच.

काबासोनं पोरीच्या तोंडावर हात ठेवला.

"हात काढ!" मी तिच्या हातावर चापट मारली. "खाटेचा कठडा धरला होतास ना आत्ता? धुतलास?" श्वासासाठी धडपडणाऱ्या पोरीचं तोंड तिची आई मिटू बघत होती, मी ते उघडत होते, आणि दोघी मिळून आजीला पाठ दाखवत होतो.

"बाजूला व्हा," आजी म्हणाली. आम्ही झालो.

तिनं वाकून पाहिलं. म्वेन्या आजीच्या तोंडावर रडली. सिम्फुक्वेंनीही पाहिलं आणि एक पाऊल मागे गेले. ते आमच्या भाषेचे नव्हते, पण चिंकुला काय असतं ते त्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

"आई, माझी चूक नाही हो," काबासो हुंदके देत म्हणाली.

"रडू नकोस, एक रडतेय ती पुरे. मला मंगळवारपासून ठाऊक आहे."

"कसं?" मी विचारलं.

"सहा खाटांना ब्रश टांगलेस, पण बाकी पाचांची तोंडं धुताना उभी राहायचीस काचेकडे तोंड करून. या एकीच्या वेळीच पाठ. पोरी, मी म्हातारी आहे, आंधळी नाही." मग बोट माझ्याकडे. "आणि शुक्रवारी दुपारी दोनचं तोंड तू अडीचला धुतलंस."

अडीचलाच धुतलं होतं, त्या मेट्रनपायी.

आजी सिम्फुक्वेंकडे वळली. "साहेब, तुमच्या कागदावर दाताचं लिहितात ना?"

"लिहितात. दात एक."

"कुठला ते लिहा. खालचा. आणि शिक्का मारा. गावात माझे दोन दीर आहेत, ते माझं ऐकत नाहीत. सरकारी शिक्क्याचं ऐकतात."

"आजी, मी खोटं लिहीत नाही," सिम्फुक्वे म्हणाले. "दात वरचा आहे."

"तुम्ही उभे कुठे आहात?"

"खाटेच्या पायथ्याशी."

"आणि ही पोरगी तोंड कुठून धुते?"

"उशाकडून. तसा नियमच आहे."

"मग नियमानं बघा की."

सिम्फुक्वे उशाकडे गेले. माझी टॉर्च घेतली, वाकले, आणि बराच वेळ तसेच राहिले. म्वेन्या त्यांच्याकडे उलटं बघत गप्प झाली.

"इथून," ते सावकाश म्हणाले, "दात खालच्या बाजूला दिसतो."

कागदावर तसला रकाना नव्हता. त्यांनी पट्टी घेऊन तो आखला. मग लिहिलं: दात एक, खालच्या बाजूस, खाटेच्या उशाकडून पाहता. तारीख, सही, शिक्का. शिक्का मारण्याआधी त्यांनी तो स्पिरिटनं पुसला, कारण तो माणूस मरेपर्यंत सुधारणार नाही.

आजीनं कागदाची घडी केली आणि काबासोच्या हातात दिली. "हा जपून ठेव. तुझे चुलतसासरे विचारतील तेव्हा तू बोलू नकोस. कागद बोलेल."

काबासो गुडघ्यांवर बसली, टाळ्या वाजवून नमस्कार करू लागली. जमीन घाण होती. या वेळी मी काही बोलले नाही.

पण माझ्यानं राहवेना. "आजी," मी विचारलं, "तुम्हाला स्वतःला भीती नाही वाटत?"

तिनं म्वेन्याच्या ओठावर वाळलेली थुंकी बघितली. नळी धरून ठेवणाऱ्या चिकटपट्टीनं गाल लाल झाला होता, त्याच्यावरून बोटाची मागची बाजू फिरवली.

"मी चार नातवंडं पुरलीत, पोरी. चौघांचेही खालचे दात आधी आले होते. सगळं रीतीप्रमाणे."

भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून तिनं हात पुढे केला.

"दहा वाजून गेलेत. ब्रश दे इकडे."