पेपरवाल्यांचं लुगडं

चैतालीचा अर्धा लेख घरून निघण्याआधीच लिहून झाला होता. मासिकात काम करणाऱ्यांना ही खोड असतेच, पण तिच्याकडे त्याला कारणही होतं. नऊ महिन्यांची चिऊ दुपारी झोपली की पाऊण तास मिळायचा, त्यात जे उतरेल ते खरं. म्हणून वलवणच्या घरात, ओट्याला टेकून, तिनं मोबाइलवर सुरुवात लिहून टाकली होती : 'लोहगडाच्या पायथ्याशी काळ जरा थबकला आहे. इथे अजून चूल धुमसते...'

लेख सरुबाई शेलारांवर होता. लोहगडवाडीत, गडाच्या पायऱ्यांजवळ त्यांचं पिठलं-भाकरीचं छोटं हॉटेल. आणि मासिकातलं पान होतं 'आपली माणसं'. बाळंतपणाआधी चार वर्षं ते चैतालीच लिहायची. संपादक ज्योत्स्नाताईंनी ते तिच्यासाठी राखून ठेवलं होतं, इकडूनतिकडून जुने लेख लावून वेळ मारून नेली होती. पण परवा त्यांचा फोन आला. "चैताली, सोमवारी दुपारपर्यंत लेख आला तर पान तुझं. नाहीतर दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल गं." आवाजात राग नव्हता, म्हणून तर जास्त लागलं.

शनिवारी नेमकं आईचं डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं निघालं. नवरा पहिल्या पाळीला गेलेला. मग काय, चिऊला कडेवर घेतलं, खांद्याला दोन पिशव्या अडकवल्या आणि चैताली छायाचित्रकार गौरवच्या गाडीत बसली.

"आज आपली टीम तिघांची," गौरव म्हणाला आणि त्यानं गाण्यांचा आवाज स्वतःहून कमी केला.

सरुबाई तयारच होत्या. हिरवं नऊवारी लुगडं, ठसठशीत कुंकू, पुढ्यात चूल. चैतालीनं वही उघडायच्या आत त्यांनी सुरू केलं, "आमचं काय बाय, आमी डोंगरातली मान्सं. चुलीवरची भाकर, पाट्यावरचा ठेचा. शहरातलं आमाला काय बी ठावं न्हाई."

लेखाच्या सुरुवातीशी हे इतकं तंतोतंत जुळत होतं, की लिहून घ्यायला काही उरलंच नाही. गौरव भराभर फोटो काढत होता.

तेवढ्यात धूर चिऊच्या डोळ्यांत गेला आणि तिनं जो टाहो फोडला तो थांबेचना. चैतालीनं थोपटलं, पाजून पाहिलं, खुळखुळा वाजवला. शेवटी सरुबाई हात पुसत पुढं झाल्या.

"आण हिकडं. तुज्याच जिवाला थारा न्हाई, ते तिला कळतंय."

त्यांनी पाय पसरले, चिऊला पायांवर आडवं घेतलं आणि झोके द्यायला लागल्या. दहा मिनिटांत पोर गाढ झोपलं. एका मुठीत हिरव्या लुगड्याचा पदर गच्च धरलेला.

आणि तेव्हाच गडावरून अकरा जणांचा घोळका उतरला. "मावशी, अकरा पिठलं-भाकरी!"

सरुबाईंनी पायांवरच्या चिऊकडं पाहिलं, मग चैतालीकडं. "मी उठले तर ही उठंल. जा, तू कर."

"मी? अहो मावशी, मला चुलीवर नाही जमत."

"चुलीवर कोन म्हंतंय? पडद्यामागं गॅस हाय."

गौरवनं कॅमेरा खाली घेतला.

पडद्यामागं दोन शेगड्यांचा गॅस होता, मिक्सर होता, आणि ओट्यावर पिवळ्या चिकटपट्टीनं चौकोन आखलेले होते. एका चौकोनात एकच डबा.

"डावीकडनं दुसरा चौकोन, बेसन!" बाहेरून दबक्या आवाजात हुकूम आला. "तिसऱ्यात हळद. घेतलं की तितंच ठेव. शोधत बसायचं न्हाई, टाइम जातो."

"हे पट्ट्यांचं कुणी शिकवलं हो?"

"कंपनीनं. नवलाख उंबऱ्याच्या बाजूला कारखान्यात अकरा वर्सं वायरी जोडल्या मी. लाइन लीडर व्हते. बावीस पोरी व्हत्या हाताखाली."

"मग सोडलंत का?"

"मी कुटं सोडलं? नवी मशीन आली, आमची लाइन बंद केली. म्हनलं, काम गेलं तरी शिस्त आपलीच हाय, ती घिऊन घरी आले."

चैतालीची पहिली भाकरी तव्यावर फाटली. दुसरी लांबट झाली. ताट हातात घेऊन एक मुलगी म्हणाली, "काकू, ही गडावरच्या विंचूकाटा माचीसारखी लांबट का दिसतेय?"

"गडाखाली खायला बसलीस ना?" सरुबाईंनी बसल्या जागेवरून उत्तर दिलं. "मग गडाच्याच आकाराची मिळंल. गप खा."

घोळका गेला. कोपरापर्यंत पीठ माखलेली चैताली सरुबाईंशेजारी येऊन बसली. "मावशी, हे सगळं आधी का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलं? पेपरवालं आलं की पैल्यांदा म्हंत्यात, चूल कुटं हाय. मग मीबी एक लुगडं खुंटीला लावून ठिवलं. पेपरवाल्यांचं लुगडं. तुमी गेला की मी परत गाऊनवर." चिऊ उठू नये म्हणून त्या आवाज न करता हसल्या, हसू पायांपर्यंत पोचलं आणि चिऊ झोपेतच डुलली. "तूबी फोनवर तेच इचारलंस की, पोरी. म्हनलं, ही वलवणची, आपल्यातली, तरीबी चूलच पायजे हिला."

सरुबाईंनी तिच्या गालावरचं पीठ पदरानं पुसलं. "खा आता. लेकरू झोपलंय तवर आईनं गरम खावं."

किती महिन्यांनी ती दोन्ही हात मोकळे ठेवून जेवली होती.

परतताना गाडीत तिनं मोबाइलवरची सुरुवात पुसून टाकली. रविवारी दुपारी चिऊचा पाऊण तास, सोमवारी सकाळी आणखी अर्धा. नवा लेख सुरू झाला तो असा : 'सरुबाईंच्या ओट्यावर पिवळे चौकोन आहेत.'

मासिकाचा रिवाज असा, की छापण्याआधी लेख कुणाला दाखवायचा नाही. पण साडेअकराला तिनं सरुबाईंना फोन लावला आणि सगळा वाचून दाखवला. पलीकडं कुकरची शिट्टी झाली.

"लुगड्याचंबी लिवलंस व्हय?"

"नको असेल तर काढते, मावशी." ते काढलं तर लेख उभा राहणार नव्हता, आणि दुसरा लिहायला वेळ नव्हता. तरी ती म्हणाली, आणि मनापासून म्हणाली.

"ऱ्हाऊ दे," सरुबाई म्हणाल्या. "पुढचं पेपरवालं वाचून येतील, म्हंजे धुरात बसायचं तरी वाचंल माजं."

दीडच्या सुमारास ज्योत्स्नाताईंचा फोन आला. "मुखपृष्ठावर 'काळ थांबलेली वाडी' टाकायचं ठरवलं होतं मी. काढावं लागलं." चैतालीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "आणि लेखाखाली ती शेवटची ओळ काय घातलीयस तू?"

"काढू का?"

"मी काढली का? पुढच्या महिन्याचं माणूस शोधायला लाग."

अंक आला तो घेऊन चैताली चिऊसकट लोहगडवाडीला गेली. सरुबाई फुलाफुलांच्या गाऊनवर, खांद्याला टॉवेल. पानभर फोटो होता : हिरव्या लुगड्यात त्या, पायांवर चिऊ, मागं पडद्याच्या फटीतून पिवळा चौकोन. त्यांनी फोटोवर नजर टाकली आणि बोट खाली नेलं. एकेक अक्षर लावत वाचलं.

'लेख : चैताली. छायाचित्रे : गौरव. बाळ सांभाळलं : सरुबाई शेलार.'

"फोटोखाली नाव लय येळा आलं," त्या म्हणाल्या. "कामाखाली पैल्यांदाच आलं गं बाय."

अंक त्यांनी ओट्यावर, एका रिकाम्या चौकोनात ठेवला. मग दोन्ही हात पुढं केले.

"आण तिला हिकडं. बाहेर सहा जन बसल्यात."

चैतालीनं ओढणी कमरेला खोचली आणि डावीकडचा दुसरा डबा न बघताच उचलला.