पालकांची सही

“काका, माझी राहिली! माझी राहिली ना काका!”

सिग्नलला व्हॅन थांबली रे थांबली की मागच्या सीटवरून डायऱ्या पुढे यायला लागत. रुपराव एकेक डायरी स्टिअरिंगवर उघडायचा, ‘पालकांची सही’ असं छापलेली ओळ शोधायचा आणि झर्रकन सही ठोकून डायरी मागे द्यायचा. अंकितच्या बापाची सही म्हणजे नुसती गिचमिड, ती सोपी. वैभवीच्या बापाची, म्हणजे मोहित ढोमण्यांची सही इंग्रजीत आणि शेवटी लांबलचक शेपूट. सिग्नल दोन मिनिटांचा. तेवढ्यात नऊ बाप उरकायचे.

हे सुरू झालं ते दयेपोटी. डायरीवर सही नसली की शाळा मुलाला अर्धा तास व्हरांड्यात उभं करायची. मागच्या वर्षी एक पोर घरापासून शाळेपर्यंत हमसून हमसून रडलं, म्हणून रुपरावनं त्याच्या बापाची सही बघून बघून उतरवली. दुसऱ्या दिवशी दुसरं पोर. महिन्याभरात आयांनाच कळलं, आणि कळल्यावर त्यांनी हाताला धरून थांबवावं की नाही? छे! वैभवीची आई सोनिका तर गेटवरूनच लेकीला म्हणायची, “अगं, आता कुठे वेळ आहे? काकांकडून घे ना!” आणि वर रुपरावकडे बघून गोड हसायची.

ही असली माणसं बघून रुपरावला शिसारी यायची. व्हॅनला दोन मिनिटं उशीर झाला की ग्रुपवर धडाधड मेसेज. पोरीची पाण्याची बाटली राहिली की बाप हाफ पँटवर धावत येणार. डब्यात काय आहे, बूट कुठल्या कंपनीचे आहेत, सगळ्याची काळजी. पण दप्तर उघडून पोरीनं काल काय लिहिलं ते बघा म्हटलं, तर ह्यांचे हात गळतात.

“लेकरू काय शिकून राहिलं, कोणालेच घेणंदेणं नाही वं,” तो घरी जेवता जेवता बायकोजवळ चडफडायचा.

जयवंता भाकरी थापत एकदा म्हणाली होती, “मंग तुमी काहून करता जी सही?”

“शाळेत उभं ठेवतात लेकराले.”

“ते उभं ठेवतात, हे तसंच धाडतात, अन् मधात तुमी.”

त्यावर रुपरावनं वांग्याची भाजी जास्तीची वाढून घेतली आणि विषय बदलला.

जानेवारीतल्या एका गुरुवारी शाळा सुटल्यावर तिसरीच्या करिष्मा मॅडम तरातरा फाटकाशी आल्या. हातात वैभवीची डायरी.

“रुपरावकाका, वैभवीच्या घरी काही अडचण आहे का? कोणी आजारी वगैरे?”

“नाही जी. काहून?”

“आठ वेळा लिहिलंय मी. आठही वेळा सही आली, उत्तर एकदाही नाही. फोन केला तर मीटिंगमध्ये आहोत म्हणतात. कसले आईबाप हो हे? किळस येते मला!”

रुपरावच्या जिभेवर उत्तर तयारच होतं. ह्या लोकांबद्दल बोलायचं तर त्याच्याकडे पोतंभर होतं. पण मॅडमनी डायरी उघडून त्याच्या हातात दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं सहीच्या वरचा मजकूर वाचला. शाळा इंग्रजी, तरी मॅडमनी मुद्दाम मराठीत लिहिलं होतं, घरात आजी असली तर तिलाही वाचता यावं म्हणून.

‘वैभवीला फळ्यावरचं दिसत नाही. डोळे तपासून घ्यावेत.’ ऑगस्टची तारीख. खाली शेपटाची सही.

‘पहिल्या बाकावर बसवलं, तरी दिसत नाही. कृपया भेटून जा.’ सही.

‘शेजारणीच्या वहीतून उतरवते. मुलगी ढ नाही, तिला दिसत नाही.’ सही.

आणि ह्याच सोमवारची आठवी नोंद: ‘दोन विषयांत नापास. आता उशीर करू नका.’ सही. घाईत शेपूट जरा जास्तच लांब गेलेलं.

रुपरावचे कान गरम झाले. दिवाळीआधी ही पोरगी दोनदा भलत्याच व्हॅनमध्ये जाऊन बसली होती. तेव्हा त्यानं सगळ्या पोरांसमोर तिची टर उडवली होती, “डोये हायेत का बटनं वं पोरी?” पोरं खिदळली होती. वैभवीही हसली होती, सगळ्यांच्या मागून, जरा उशिरा. ते हसू त्याला आता कळलं. दुनियेला नावं ठेवत फिरणारा हा शहाणा! दहावी पास, मराठी खडाखडा वाचणारा, आणि आठ वेळा ह्या पोरीचे डोळे त्याच्या स्टिअरिंगवरून निघून गेले होते.

“मॅडम,” तो म्हणाला, “ह्या सह्या मी करून राहिलो.”

त्याला वाटलं, मॅडम आता बोंब ठोकतील. त्यांनी नुसती मान खाली घातली.

“माहीत आहे. तुमच्या व्हॅनमधून येणाऱ्या सगळ्या डायऱ्यांत एकच हिरवी शाई असते, काका. मला वाटायचं, घरचे वाचतात आणि सही तेवढी तुमच्यावर ढकलतात.”

“मंग इतके दिस बोलल्या काहून नाही?”

“वर्गात अठ्ठावन्न मुलं आहेत. महिनाअखेर वर तक्ता द्यावा लागतो, पालक सहभाग किती टक्के म्हणून. सह्या भरल्या की तक्ता भरतो.” मॅडमचा आवाज बारीक झाला. “आणि शनिवारी ढोमण्यांचा सत्कार आहे. आदर्श पालक. वर्षभरात एकही सही चुकली नाही ना त्यांची!”

शाळेला सही पाहिजे, घराला सकाळी शांतता पाहिजे, आणि दोघांच्या मधे हा दीडशहाणा हिरवं पेन घेऊन बसलेला. पोरीला दिसतं की नाही, हे विचारायला कोणी रिकामंच नव्हतं.

त्याच संध्याकाळी तो ढोमण्यांच्या फ्लॅटवर गेला. डायरी टीपॉयवर ठेवली आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. मोहितनं आठही टिपणं वाचली. त्याचा चेहरा उतरला. क्षणभर रुपरावला बरं वाटलं, चला, माणूस आहे म्हणायचा.

“तुम्हाला सही करायचा अधिकार कोणी दिला हो?” मोहित म्हणाला.

“चुकलं माह्यं, साहेब. पाय धरतो. पण पोरीचे डोये उद्याच दाखवा.”

“मी म्हटलं होतं तिला, काकांकडून घे म्हणून,” सोनिका हळूच म्हणाली. “पण काका, तुम्ही वाचायचं तरी ना! एक शब्द सांगायचा ना आम्हाला!”

ते खरंच होतं.

“उद्या मला ऑफिसमधून निघता येणार नाही,” मोहित म्हणाला. “पुढच्या आठवड्यात दाखवतो. आणि काका, शनिवार तेवढा होऊ द्या ना यार. माझे बॉस येऊन राहिले, सासरची मंडळी येऊन राहिली. आत्ता शाळेत काही बोलू नका. नाहीतर आम्हाला दुसरी व्हॅन बघावी लागेल.”

“आठवडा कायले साहेब? चौकात डोयाचा दवाखाना हाय. मी नेतो तिले.”

“काका, आम्ही आहोत ना तिचे आईबाप!” सोनिका म्हणाली.

आतल्या खोलीत वैभवी टॅबलेटला नाक लावून बसली होती. शब्दशः नाक लावून. कोणीही बघितलं असतं तरी कळलं असतं. तिघंही दारातून बघत होते.

शुक्रवारी सिग्नलला डायऱ्या पुढे आल्या. रुपरावनं एकही उघडली नाही.

“आजपासून बंद. घरून आणा.”

“काका, उभं करतील ना!” पोरं गलका करू लागली.

“मी पण राहतो उभा तुमच्यासंग.” आणि खरंच, हिवाळ्याच्या उन्हात हा चोपन्न वर्षांचा बाबा नऊ पोरांबरोबर व्हरांड्यात अर्धा तास उभा राहिला. शिपाई हसला. हसू दे.

शनिवारी शाळेच्या सभागृहात पुढे पालकांच्या खुर्च्या, मागे मुलांच्या सतरंज्या आणि दाराशी व्हॅनवाले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, शाळा आणि पालक ही गाडीची दोन चाकं आहेत. आपल्या गाडीला तर चार लागतात, असं रुपरावच्या मनात आलं. मग तिसरीचा आदर्श पालक पुरस्कार पुकारला गेला, “श्री. मोहित आणि सौ. सोनिका ढोमणे!”

टाळ्या कडाडल्या. वैभवीला घरी कोणी सांगितलंच नव्हतं, तिला सरप्राइज द्यायचं होतं म्हणे. ती सतरंजीवरून ताडकन उठली आणि इकडेतिकडे बघायला लागली. मग दाराकडे धावत आली.

“काका, माझे मम्मी-पप्पा! कुठे आहेत? मला दिसत नाहीत.”

स्टेजवर मोहितच्या हातात फ्रेम केलेलं प्रमाणपत्र होतं. सोनिका पदर सावरत फोटोवाल्याकडे बघत होती. आता व्हॅनचं काम हातचं जाणार हे रुपरावला ठाऊक होतं. त्यानं पोरीचा हात धरला.

“चाल माह्यासोबत. दिसले की सांगजो.”

खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं दोघं निघाले. दहा पावलांवर त्यानं विचारलं, “दिसले काय?”

“नाही.”

अर्धं सभागृह मागे पडलं. लोक वळून बघायला लागले. “आता?”

“कोणीतरी आहे. पण कोण आहे ते नाही दिसत.”

पुढच्या रांगेतले साहेब लोक चुळबुळले. करिष्मा मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि तशाच उभ्या राहिल्या. पहिली रांगही संपली. “आता तरी?”

“नाही ना काका.”

“ओ भाऊ, फ्रेममध्ये येऊन राहिले तुम्ही, सरका ना!” फोटोवाला ओरडला. रुपराव सरकला नाही. स्टेजवर सोनिकाचा हात तोंडाशी गेला. मोहितनं प्रमाणपत्र खाली केलं.

वैभवी स्टेजच्या पायरीला जाऊन टेकली. मान वर केली, डोळे बारीक केले.

“हो, दिसले! दिसले काका! पप्पांच्या हातात काहीतरी आहे.”

टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. तिनं एकटीनंच वाजवल्या.