घोटभर दूध

“तेवढं पिऊन टाक बरं, सिस्टर यायच्या आत,” मायाक्का पुटपुटली आणि तिने बाटली सुनेच्या हातात दिली.

ऋतुजाने बाटली उजेडात धरली. सिस्टरने दिलेलं साखरपाणी मघाशी नितळ होतं, आता ते पांढरट दिसत होतं. “आत्या, ह्यात दूध घातलंय?”

“पाण्यासारखं पातळ तर हाय की. घरच्या शेळीचं हाय, बाधत न्हाय.”

दूध चालत नाही, हे ऋतुजाने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. पण लग्न होऊन आल्यापासून सासूने जे हातात दिलं, ते तिने तोंडात घातलं होतं. डोळे मिटून तिने बाटली रिकामी केली.

आता मायाक्काला नावं ठेवायला काय जातं? पण जरा तिच्या जागी बसून बघा. ऋतुजाच्या अंडाशयाला कॅन्सरची गाठ होती आणि आज ती पिशवीसकट काढायची होती. एवढ्या मोठ्या ऑपरेशनआधी माणसाला कोरडं ठेवतात आणि नंतर आठवडाभर निजवून ठेवतात, एवढंच मायाक्का ऐकून होती. सोलापूरच्या या दवाखान्यात मात्र सगळं उफराटं. दीक्षा सिस्टर म्हणायची, ऑपरेशनच्या दोन तास आधीपर्यंत साखरपाणी प्या, संध्याकाळी थोडं खा, उद्या सकाळी उठून चाला, म्हणजे माणूस लवकर सावरतं. फक्त मध्यरात्रीनंतर जेवण नाही, चहा नाही, दूध नाही. साखरपाणी चालतं आणि दूध चालत नाही, हे काही मायाक्काच्या डोक्यात शिरेना. अशक्त पोर नुसत्या पाण्यावर कापायला न्यायची? मेंढरालासुद्धा कुणी असं वागवत नाही.

थिएटरच्या दाराशी दीक्षा सिस्टरने विचारलं, “साखरपाण्याशिवाय काही घेतलं नाही ना, ऋतुजाताई?”

ऋतुजाने सासूकडे पाहिलं.

“न्हाय, कायबी न्हाय,” मायाक्का म्हणाली. ऋतुजाने मान खाली घातली आणि दार मिटलं.

बाहेरच्या बाकावर दुधनीची सावित्रम्मा बसली होती. तिच्या मुलीचा नंबर ऋतुजानंतर होता. बोलायला माणूस मिळाल्यावर ती थोडीच गप्प बसते! “आमाला गेल्या टायमाला परत पाठिवलं की. मुलीनं कपभर चहा पिली हुती. डाक्टर लई रागावला.”

“चहानं काय हुतंय?”

“त्यात दूध असतंय की, अव्वा. भूल दिली की पोटातलं वर येतंय आनि छातीत उतरतंय म्हनं. माणसाला ठसकाबी लागत न्हाय.”

छातीत उतरणं म्हणजे काय, हे मायाक्काला कुणी सांगायला नको होतं. तिचा जन्म मेंढरांत गेलेला. औषध पाजताना मान जरा जास्त वर धरली, की घोट श्वासाच्या नळीत जातो. मग नाकातून फेस येतो आणि बरगड्या नुसत्या वरखाली होत राहतात. तशी एक मेंढी तिच्या मांडीवरच मेली होती.

पण सांगितलं तर ऑपरेशन राहणार. मोठे डॉक्टर पुण्याहून पंधरा दिवसांतून एकदा येतात आणि दुपारीच परततात. गाठ काय त्यांची वाट बघत थांबणार आहे? बिरुदेव रक्तपेढीत रक्त आणायला गेला होता, त्या लेकाला काय तोंड दाखवायचं? आणि कितीसं दूध ते, घोटभर. काही होणारही नाही. असं ती स्वतःला समजावत असतानाच दारावरचा लाल दिवा लागला.

मायाक्का उठली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली. “थांबा! भूल दिऊ नगा तिला! म्या दूध पाजलंय!”

दीक्षा सिस्टर बाहेर आली. “कधी?”

“सकाळी. साखरपाण्यातनं. म्या खोटं बोलले, बाई.”

दीक्षा आत पळाली.

थोड्या वेळाने ऋतुजाचं स्ट्रेचर बाहेर आलं. ती जागी होती. तिच्या जागी सावित्रम्माच्या मुलीला आत नेलं. दीक्षा एका शब्दाने रागावली नाही, आणि तेच मायाक्काला जास्त लागलं.

खोलीत आल्यावर ऋतुजा छताकडे बघत म्हणाली, “आतबी त्येंनी परत इचारलं. तोंडावर मास्क ठेवायच्या आदी. काय खाल्लं-पिलं का म्हनून. मी न्हाय म्हनले.”

“का गं? तुला ठावं हुतं की!”

“तुमी न्हाय म्हनला हुता.”

मायाक्काला रडू फुटलं. ऋतुजाच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. चादरीखाली तिचं पोट गाठीने फुगलेलं दिसत होतं.

दीक्षा पुढची तारीख सांगायला आली. “आजी, आता नीट ऐका. पुढच्या वेळी...”

“मला सांगा, सिस्टर.” ऋतुजा हाताचा टेका घेऊन उठून बसली. “आत्या, तुमी भाईर बसा.”

असं ती सासूला कधीच बोलली नव्हती. मायाक्काने डोळे पुसले, डोक्यावरचा पदर सावरला आणि बाहेर येऊन दार अलगद ओढून घेतलं. बसायचं मात्र तिच्याने होईना. आत सिस्टर एकेक गोष्ट सांगत होती आणि ऋतुजा ती मोठ्याने म्हणून दाखवत होती. मग ऋतुजाने विचारलं, “पंधरा दिसांत गाठ किती वाढंल?”

मायाक्काने दाराला कान लावला.