बियांचा डाव

चिनी नववर्षाच्या तिसऱ्या दिवशी मकावमध्ये कोणी कोणाच्या घरी जात नाही. त्या दिवशी गेलं की भांडण होतंच, असं सगळेच मानतात. छोई कुटुंबाला मात्र त्यासाठी पाहुण्यांची गरज नव्हती.

"दुकान विकायचं," वेंगसांग जेवता जेवता म्हणाला. "जुगाराच्या माझ्या पद्धतीला मोठं भांडवल लागतं, एवढंच अडलंय."

बदाम-बिस्किटांचं ते दुकान त्याच्या बायकोच्या, युतहोच्या नावावर होतं. ती नाही म्हणत नव्हती आणि त्यांच्या मुलीला, सोकलानला, तेच खुपत होतं. आईची सही आज ना उद्या होणार, हे तिला दिसत होतं. महिनाभर बाबा कॅसिनोतून रोज थोडंथोडं जिंकून येत होते, येताना भाजलेलं बदक आणत होते, आणि आईला ते बदक खरं वाटू लागलं होतं.

सोकलान स्वतः कॅसिनोत बाकारा या पत्त्यांच्या जुगाराची पानं वाटायची. एरवी कामाची वेळ सोडून कामगारांना जुगाराच्या दालनात पाऊल टाकायची बंदी. फक्त नववर्षाचे पहिले तीन दिवस मोकळीक.

"आज शेवटचा दिवस. चल माझ्याबरोबर, डोळ्यांनी बघ," बाबा म्हणाले.

"तिकडे कशाला? कॅसिनो इथेच मांडते की." तिने सरावाचे पत्त्यांचे जुने जोड आणले, फराळाच्या डब्यातल्या कलिंगडाच्या लाल बिया बाबांपुढे ओतल्या आणि स्वतःसाठी स्वयंपाकघरातलं बियांचं अख्खं पोतं ओढलं. "आई, तूही बस. दुकान तुझं आहे."

पद्धत सोपी होती. एका बीपासून सुरुवात, हरलं की दुप्पट, जिंकलं की पुन्हा एक. बँक किंवा खेळाडू, यांपैकी एका बाजूवर लावायचं; ज्याची बेरीज नऊच्या जवळ तो जिंकला. बाबा पानाचा कोपरा दुमडत, हळूच उचलत, नको असलेले ठिपके उडून जावेत म्हणून फुंकर मारत.

"छपाई झाली की ठिपके हलत नाहीत, बाबा."

"तू वाट. अक्कल शिकवू नकोस."

बाबांचा ढीग वाढत गेला. बँकेवर जिंकले की सोकलान कॅसिनोचा वाटा म्हणून त्यांच्या जिंकण्यातून वीस बियांमागे एक कापून घ्यायची. बाबा हसत सोडून द्यायचे. आई कौतुकाने पुढे सरकली. गणित सोकलानला पाठ होतं, पण पानं कोणाचं ऐकतात?

मग बँक येऊ लागली. एकदा, दोनदा, पुन्हा. बाबा खेळाडूवर दुप्पट लावत राहिले.

"आता वळणारच. इतक्यांदा बँक आली, आता कुठून येणार?"

"मागे काय आलं ते पानांना ठाऊक नसतं."

"तू सरळ हाताने वाटतेस म्हणून! थोडं प्रेमाने वाट."

पुन्हा बँक. तासाभराची कमाई गेली, मुद्दल गेलं. पुढच्या दुप्पटीएवढ्या बिया बाबांजवळ नव्हत्या.

"आमच्या टेबलावर याच्या आधीच पाटी दाखवतात, यापेक्षा जास्त लावता येत नाही," सोकलान म्हणाली. "इथे पाटी नाही. लावा, काय लावायचं ते."

तिला वाटलं, आता ते हसतील आणि उठतील. बाबांची नजर घरभर फिरली आणि युतहोच्या मनगटावर थांबली. जेडच्या हिरव्या दगडाची ती बांगडी लग्नापासून निघालेली नव्हती.

"दे गं ती. एकाच डावापुरती."

"ही निघत नाही," युतहो म्हणाली.

"साबण लाव, निघेल. नाहीतर फोडू, नवी आणून देईन. सोकलान, पानं वाट, आता माझीच पाळी आहे."

सोकलानने सवयीने चार पानं उपडी वाटली, पण उलटली नाहीत. बाबांच्या आवाजात मस्करी नव्हती, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

युतहोने मनगट ओढून घेतलं. "बिया आहेत या," ती म्हणाली. "खायच्या बिया. त्यांच्यापायी तुम्ही माझी बांगडी फोडायला निघालात. खऱ्या पैशांवर काय कराल? दुकान विकायचं नाही. सही मागायचीही नाही. उद्या पहाटे पीठ मळायला मला माणूस लागेल, यायचं तर या."

"अगं, पानं तर उघडू दे! हा डाव माझाच आहे. शपथेवर सांगतो, माझाच."

सोकलानने आईकडे पाहिलं. युतहोने ती चारही पानं उपडीच उचलली आणि उरलेल्या जोडांत कोंबून दिली.

"असेल तुमचाच," ती म्हणाली. "तरी नाही."