उभ्या पंखावरचे धागे

"सुटली नाही! अगं, हवा सुटलीच नाही!" सर काचेवर नाक टेकवून ओरडले, आणि मोटर चालवणाऱ्या काकांनी चक्क शिट्टी मारली.

प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यात सरांनी आखलेल्या विमानाच्या पंखाचा नमुना उभा केला होता, हातभर उंचीचा. पंख जास्त तिरका केला की हवा त्याला सोडून पळते आणि विमान कोसळतं. सरांचा पंख म्हणे तिला धरून ठेवणार होता. त्याच्यापायी त्यांनी उभी हयात घालवली होती, आणि पुढच्या आठवड्यात ते निवृत्त होणार होते. हवा कुठून कुठे जाते ते पंखावर चिकटवलेले लोकरीचे धागे दाखवत. हवा सुटली की ते सैरावैरा उडायचे. आज सगळे कसे शिस्तीत आडवे!

धागे चिकटवले होते इंटर्नशिपला आलेल्या मुलीनं. विमानविद्येची विद्यार्थिनी, पण दिवसभर 'हे असं का, ते तसं का', म्हणून काकांनी तिचं नावच ठेवलं होतं 'चौकशी खिडकी'.

"काय गं खिडकी, आज मूग गिळलेस का?" काकांनी मोटर बंद करत विचारलं.

तिचं लक्ष पंखाकडे होतं. वारा थांबला, मग धागे खाली लोंबायला हवेत ना? ते तर अजून आडवेच! बोगद्याचं दार उघडून तिनं एक धागा बोटानं दाबून पाहिला. काडीसारखा कडक. काल धागे उडून जात होते म्हणून आज सकाळी पंख टेबलावर ठेवून तिनं सढळ हातानं गोंद लावला होता. तो लोकरीत पार मुरून वाळला होता.

"बायको म्हणायची, कसलं हे खूळ! आता म्हणावं, ये, बघ!" सर काकांना सांगत होते. इतकं खूश तिनं त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. सांगूच नये, असं तिला फार वाटलं. पण मग हवेचं खरं काय झालं ते कधी कळणारच नव्हतं, आणि तेही तिला सहन होईना.

"सर, ते धागे हलणारच नव्हते. माझ्या गोंदानं घात केला."

सर आत वाकले. त्यांनी एक धागा मोडून पाहिला.

"काका, तुम्ही जरा टेका," ते म्हणाले. "आम्ही नवे धागे लावतो."

दोघांनी मिळून धागे लावले, या वेळी चिकटपट्टीच्या बारीक तुकड्यांनी. मोटर घरघरली. काका पंख तिरका करत गेले. धागे आधी गुण्यागोविंदानं आडवे राहिले. मग कडेचा एक थरथरला, उलटा वळला, आणि बघता बघता निम्म्या पंखावरचे धागे पिसाळले.

काकांनी मान खाली घातली. "बंद करू, सर?"

"नको, चालू द्या." सर काचेपासून थोडे बाजूला सरकले आणि तिला म्हणाले, "ये, इथे उभी राहा. कुठून सुटतेय ते इथून छान दिसतंय."